काका गेले

मागच्या गुरुवारी सकाळी सव्वानऊला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्याचा मेसेज पडला: 'काका गेले'. काका म्हणजे मी. मी त्या वेळी स्टेशनावर वडापाव खात उभा होतो. पुढचे शब्द, म्हणजे 'पुणे ला', त्याने वेगळे पाठवले, कारण ही पिढी वाक्य पूर्णविरामाने तोडत नाही, 'सेंड'ने तोडते. नेमके मध्येच त्याचे नेट गेले. तेवढ्या चार मिनिटांत मला अकरा 'भापूश्र' मिळाल्या.

ज्यांच्या घरी अजून कोणी गेलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, भापूश्र म्हणजे भावपूर्ण श्रद्धांजली. भावातला 'भा' आणि श्रद्धेतला 'श्र' एवढेच माझ्या वाट्याला आले. मधला 'पूर्ण' तर पूर्णसुद्धा लिहिलेला नाही. त्यात माझ्या सख्ख्या मेव्हण्याने 'भापुश्र' असा ऱ्हस्व 'पु' काढला होता. मरणापेक्षा मला तेच जास्त लागले.

गाडीत बसल्याबसल्या ठरवले, की मराठीच्या या ऱ्हासावर एक जळजळीत लेख लिहायचा. पुराव्यादाखल आजोबांचे एक पोस्टकार्ड वापरावे म्हणून घरी पोहोचल्यावर ट्रंक उघडली. कार्डाची सुरुवात अशी: 'ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.' पुढे चि., सौ., रा. रा., मु. पो. आणि शेवटी ता. क. आमचे मेव्हणे यांच्यापुढे म्हणजे केवळ उमेदवार!

आजोबांचे वडील तर मोडी लिहीत. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळत नसत. त्या हिशेबाने मेव्हण्याचा 'पु' हा प्रमाद नसून परंपरा ठरते. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार कागदावरूनही गेले. आजोबा मात्र शेवटपर्यंत 'घरें', 'पुस्तकें' असेच लिहीत राहिले. मराठी बुडाली, असे त्यांनीही जाहीर केले होते. म्हणजे ती दर पिढीत एकदा बुडते, आणि बुडताना पाहणारा नेहमी काठावर बसून लेख लिहीत असतो.

तारेचेही तेच. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तारखात्याने ठरावीक शुभेच्छांना नंबरच देऊन टाकले होते. खिडकीवर आकडा सांगायचा, पलीकडे नवदांपत्याला आशीर्वाद पोहोचायचा. 2013 च्या जुलैत ही सेवा बंद झाली, पण तोवर एसएमएसने गादी चालवायला घेतली होती. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे 160 मावत, देवनागरी फक्त 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांना वेगवेगळी जागा. 'श्री' लिहायला चार लागतात. 'श्रीगणेशाय नमः' लिहिले की चौदा जागा, म्हणजे पाचवा हिस्सा, गणपतीनेच खाल्ला! मराठी माणसाने मग खर्च वाचवला आणि लिपी सोडली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागला, मग त्यातलेही स्वर गाळू लागला. पुतण्याचा एक मेसेज मी प्रयोग म्हणून देवनागरीत उतरवून पाहिला: 'क्य क्र्त्य क्क?' एखाद्या तांत्रिकाचा बीजमंत्र वाटावा. 'काय करताय काका' एवढाच त्याचा अर्थ. याच लिपीत काल, काळ आणि कळ हे तिन्ही एकसारखे दिसतात, हे पोटदुखीच्या पेशंटने ध्यानात ठेवलेले बरे.

एकूण लेख माझ्यावरच उलटत चालला होता. तेवढ्यात कार्ड पुन्हा वाचले. आजोबा मायना आखडत आणि मजकूर सैल सोडत. 'शि. सा. न. वि. वि.' असा एका दमात दंडवत उरकायचा, आणि पुढे गाय व्यायली, कालवड झाली, विहिरीचे पाणी हातभर खाली गेले, धाकटीचे जमत आले आहे पण देण्याघेण्यावर अडले आहे, हे सगळे तपशिलात. जागा संपली की अक्षर बारीक, मग कार्ड आडवे धरून समासात, शेवटची ओळ पत्त्याला खेटून. आता उलटे झाले आहे. मायना ऐसपैस: उगवता सूर्य, दवबिंदूसह गुलाब, हात जोडल्याची पाच चित्रे. आणि मजकूर? 'के'. पूर्वी तो 'ओके' होता, तेवढा एक स्वरसुद्धा जड झाला. 27 फेब्रुवारीला मेव्हण्याने पाठवले होते: 'मभागौदिहाशु'. मराठी भाषा गौरव दिनाच्या हार्दिक शुभेच्छा. त्यातली 'मराठी' एका 'म'वर आटोपली, खाली फेटे बांधलेल्या बायकांचा व्हिडिओ मात्र सबंध चार मिनिटांचा.

खरे तर आखूड शब्दांपेक्षा मला 'पुणे ला'ची धास्ती वाटते. फोन शब्द सुचवतो, आपण त्यावर बोट ठेवतो, तो लगेच पुढे जागा सोडतो. मग प्रत्यय बिचारा पलीकडच्या काठावर एकटाच उभा. 'पुणे'चे 'पुण्या' करायला पुतण्याला वेळ नाही. हे आता फोनपुरते उरलेले नाही. आमच्या सोसायटीच्या फलकावर 'लिफ्ट मध्ये थुंकू नये' असे लिहिले आहे. लिफ्ट आणि मध्ये यांच्यात इतके अंतर आहे, की थुंकणाऱ्याची सोय झाली आहे.

असो. त्या गुरुवारी मी गाडीतूनच ग्रुपवर लिहिले होते: 'मी जिवंत आहे. गाडीत जागा मिळाली. काळजी नसावी.'

मेव्हण्याचे उत्तर आले, 'के'. पाठोपाठ पुतण्याचा फोन.

"काका, एवढं चिडायला काय झालं?"

"मी कुठे चिडलोय?"

"मग प्रत्येक वाक्यानंतर टिंब का दिलंय?"