ओटीपी आला का, दादा?

तुमच्या नात्यातही असा एक असणारच. माणूस परदेशात, सिमकार्ड गावात. आमच्याकडचा नमुना म्हणजे माझा आतेभाऊ. टोरंटोला गेल्यापासून सगळी आळी त्याला ‘कॅनडाकर’ म्हणते. निघताना तो आत्याच्या पाया पडला आणि माझ्या हातावर जुनं सिम ठेवलं. “दादा, एवढं चालू ठेव. बँकेचे मेसेज यावर येतात.” मला वाटलं, महिन्याकाठी येईल एखादा.

जुन्नर तालुक्यात शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची आली, की माणूस रात्रीच पाणी भरतो. थंडीचे दिवस, रात्रीचे अडीच. मी कांद्यात, एक डोळा वाफ्यावर, एक शेजारच्या उसावर. आमच्याकडे उसात बिबट्या नसला तरी आहे असं धरूनच चालावं लागतं. तेवढ्यात फोन. तिकडे दुपारचे चार.

“ओटीपी आला का, दादा?”

“रेंज नाही रे इथं.”

“विहिरीच्या कठड्यावर चढ ना, तिथं येते.”

बारा हजार किलोमीटरवरून हा मला माझी विहीर दाखवतो! चढलो. सहा आकडे वाचले. “परत सांग.” परत सांगितले. “मुदत संपली. थांब, दुसरा मागवतो.” तोवर ऊस दोनदा हलला.

मुक्ताबाईच्या यात्रेत गवळण रंगात आलेली, तेव्हा ओटीपी. दाढी करताना अर्ध्या गालावर साबण, तेव्हा ओटीपी. घरातली पोरं आता ‘फोन आलाय’ म्हणत नाहीत, ‘ओटीपी आलाय’ म्हणतात.

तिकडेही त्याचं सुरुवातीला काही सुखाचं नव्हतं. इथं आयुष्यात कुणाची उधारी ठेवली नाही, म्हणून तिकडे पत शून्य! क्रेडिट कार्ड हवं तर आधी तेवढी अनामत ठेवा म्हणाले. तिथं ई-मेलनेही पैसे पाठवता येतात. आपण एक प्रश्न घालायचा, घेणाऱ्याने उत्तर लिहिलं की पैसे त्याचे. यानं घरमालकिणीला भाडं पाठवताना प्रश्न घातला, ‘माझ्या तालुक्यातला किल्ला कोणता?’ बाई बिचारी तासभर ‘शिवनेरी’चं स्पेलिंग लावत बसली.

खरं तर परदेशात नोकरीला गेलं की इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, असा नियमच आहे. पण त्या खात्याच्या व्याजावर तीस टक्क्यांनी टीडीएस कापतात हे कुणीतरी याच्या कानात सांगितलं, आणि ‘पुढच्या सुट्टीत बघू’ सुरू झालं. २०२३ मध्ये दहा देशांतल्या मोबाइल नंबरांवर यूपीआयची सोय झाली, त्यात कॅनडाही होता. मी पेढे वाटायच्या बेतात. पण सोय फक्त एनआरई आणि एनआरओ खात्यांना. पेढे राहिले.

आत्या गेली तेव्हा त्याला वेळेत पोचता आलं नाही. घराला कुलूप लागलं. आता तरी ओटीपी थांबतील म्हटलं, तर दर महिन्याला एक येतोच. एकदा मेसेज नीट वाचला. बंद घराचं लाइटबिल, शे-दीडशे रुपये.

“अरे, कुणी राहत नाही तिथं. मीटर काढून टाक.”

“नको. आल्यावर ओट्यावरचा दिवा लागला पाहिजे.”

यावर मी काय बोलणार?

गेल्या सुट्टीत अखेर त्याला बँकेत ओढून नेलं. सही जुळेना. खातं उघडलं तेव्हाची सही मराठीत, पूर्ण नाव, झेडपीच्या शाळेत गिरवलेलं. आताची म्हणजे पेन निसटल्यासारखी एक रेघ. स्लिपा उलट्या करून तो बाकावर सराव करत बसला. ओठ दाबून, मान तिरकी. वेलांटी चुकली की “च्” करायचा. आत्या चुलीपाशी शुद्धलेखन घालायची तेव्हा असाच बसायचा. सातव्या स्लिपेवर सही जमली, आणि मला उगाचच दुसरीकडे बघावं लागलं.

फॉर्मवर शेवटचा रकाना मोबाइल नंबरचा. कॅनडाचा लिहायचा असं घरून ठरवून निघालो होतो. पेन जरा थांबलं. मग त्यानं सरळ जुनाच नंबर लिहिला.

“अरे!”

“राहू दे ना.”

माझ्या खिशात फोन थरथरला. माझ्याच शेजारी, हातभर अंतरावर बसलेला तो गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाला, “आला का, दादा?”