हार्लेचा चातुर्मास

हार्ले-डेव्हिडसन ही मोटारसायकल ज्या मिल्वॉकी शहरात १९०३ साली जन्माला आली, त्याच शहरात बर्फ आणि तो वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ यांच्यापायी तिला वर्षातले चार-पाच महिने बाहेर काढता येत नाही, ही गोष्ट यंत्रशास्त्रापेक्षा प्राक्तनाच्या खात्यात अधिक शोभते. इकडे कार्तिकी एकादशीला देव जागे होतात आणि साधारण त्याच सुमारास तिकडे मोटारसायकली निजतात. मात्र देवांना निजण्यापूर्वी पेट्रोलची टाकी काठोकाठ भरावी लागत नाही.

जी गाडी कुठेही जाणार नाही तिची टाकी फुल्ल करावी, हा सल्ला ‘शंभरचं टाक’ या परंपरेत वाढलेल्या मराठी मनाला शुद्ध उधळपट्टीचा वाटेल, परंतु त्यामागचे कारण पक्के आहे. पेट्रोल गोठेल ही भीती निराधार होय. मिल्वॉकीच्या थंडीतही ते वाहतेच राहते. खरा उपद्रव पाण्याचा. टाकी अर्धी असली की पोकळीतल्या हवेतील बाष्प गार पत्र्याला आतून थेंब होऊन धरते आणि खाली उतरते. तेथील पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे मक्यापासून केलेला मद्यार्क, असते (महाराष्ट्रात हे पुण्यकर्म मुख्यतः उसाकडे आहे), आणि मद्यार्काचे पाण्याशी सख्य सर्वश्रुत आहे. तापमान उतरले की या मिश्रणाची पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते, तेव्हा पाणी आणि मद्यार्क संगनमताने पेट्रोलला सोडून तळाशी जाऊन बसतात. इंजिनाला पेट्रोल पुरवणारी वाटही दुर्दैवाने तळाजवळूनच निघते.

जुन्या गाड्यांत कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचा मेळ घालणारा भाग, हे आणखी एक दुखणे असते. त्याच्या वाटीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट, तपकिरी थर जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचे, भोक बुजवतो, तेव्हा सुईच्या नेढ्याहून बारीक अशा त्या भोकापायी अडीच-तीनशे किलोची गाडी एप्रिलमध्ये दारातच ठिय्या देते. म्हणून पेट्रोल नासू न देणारे स्टॅबिलायझर आधी टाकीत ओतावे, मग टाकी भरावी, ते मिश्रण सर्वत्र पोहोचेपर्यंत दहाएक मिनिटे इंजिन मोकळ्या हवेत चालवावे आणि शेवटी पेट्रोल कॉक बंद करून वाटी खालच्या स्क्रूवाटे रिकामी करावी. कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीला वाटीच नसल्याने तिच्या मालकाची ही शेवटची खटपट वाचते.

एवढे यथासांग करूनही जानेवारीत घात होतो, कारण मालकाला इंजिनाचा आवाज ऐकण्याची तलफ येते. पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही, ज्वलनातून निघालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन मुरते, वाटी पुन्हा भरते, आणि नोव्हेंबरची मेहनत शब्दशः पाण्यात जाते; बंद गॅरेजमध्ये तर विषारी कार्बन मोनॉक्साइडमुळे मालकाच्याच जिवावर बेतते. अशा रसिकाने कॉक बंद ठेवून सीटवर बसावे आणि तो आवाज तोंडाने काढावा. त्यामुळे इंधनप्रणालीला कोणताही अपाय संभवत नाही, शेजाऱ्यांच्या मताचा प्रश्न वेगळा.