सव्वातेराचा पाना

तेराचा पाना नटावर बसेना आणि चौदाचा बसून नुसताच गरगरू लागला, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी जिन्याखाली, बॅटरी दातांत धरून. बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर. "निघाला का?" तिनं विचारलं. दातांत बॅटरी असली की उत्तर द्यावं लागत नाही, हा एक फायदा. मी चौदाच्या पान्यावर सगळा जोर लावला आणि पान्यानं नट खाल्ला. सहा कोपऱ्यांचा तो नट इतका गोल झाला, की वर केशराची काडी चिकटवून पेढा म्हणून वाटता आला असता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्या नटाचा जुळा भाऊ, जो हातानंच सुटून आला होता, तो खिशात घालून मी उद्यमनगर गाठलं. कोल्हापुरात देवाला जायचं तर अंबाबाई आणि लोखंडाला जायचं तर उद्यमनगर. तिथल्या एका बोळात लेथवर गेली चाळीस वर्षं उभे असलेले एक टर्नर मामा आहेत. त्यांनी नट मोजला नाही. तंबाखू मळतात तसा अंगठ्याखाली फिरवला आणि म्हणाले, "सर, ह्यो तुमच्या मापातला न्हवं. विटवर्थ हाय. सव्वातेरा, वर केसभर."

"सव्वातेराचा पाना मिळतो?"

"मिळतोय की. फकस्त त्येच्यावर सव्वातेरा लिवलेलं नसतंय."

त्यांनी खोक्यातून एक काळाकुट्ट पाना काढला. त्यावर लिहिलं होतं 1/4. पाव इंच! पान्याचं तोंड तर अर्ध्या इंचाहूनही मोठं. मी हिशेबशास्त्र शिकवतो. तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो, की कागदावरचा आकडा आणि तिजोरीतली रक्कम जुळली पाहिजे. इथं ती जुळत नव्हती, आणि ती न जुळण्याची सोय खुद्द जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं करून ठेवली होती. 1841 साली त्यानं स्क्रूच्या आट्यांचं माप ठरवून दिलं, आट्याचा कोन 55 अंशांचा. त्याच्या पद्धतीत पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो. नट ज्या बोल्टवर चढतो त्या बोल्टच्या दांड्याची ती जाडी. म्हणजे चपलेच्या दुकानात पायाचं माप विचारल्यावर माणसानं घोट्याचं सांगावं तसं. शिवाय त्याच पान्यावर 5/16 असंही लिहिलेलं होतं, कारण दुसऱ्या जातीच्या बोल्टाला तोच पाना त्या नावानं चालतो. एकाच पान्याला माहेरचं एक नाव आणि सासरचं एक. या मापांवर इंग्रजांनी एवढं साम्राज्य चालवलं. त्यावरचा सूर्य मावळायला इतकी वर्षं लागली, कारण मधला नट सुटत नसणार.

गाडी कुठली, ते सांगायचं राहिलं. बीएसए एम-20. निपाणीजवळच्या एका खेड्यात, तंबाखूच्या वखारीत, कडब्याच्या पेंढ्यांखाली ती सापडली. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही मुळात बंदुका करणारी कंपनी, 1861 सालची. टाकीवरच्या बिल्ल्यात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली आहेत त्या म्हणूनच. व्हॅल पेज या इंजिनिअरानं आखलेली ही मोटरसायकल दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी सव्वा लाखाच्या आसपास बनली. 496 सीसीचं एकच सिलिंडर. व्हॉल्व्ह कडेला, त्यामुळं इंजिनाचं डोकं म्हणजे नुसतं झाकण, आत काही नाही. (अशी डोकी सैन्यात टिकाऊ ठरतात, असं आमचे इतिहासाचे सहकारी म्हणतात.) ताकद 13 हॉर्सपॉवर. आज दीडशे सीसीची गाडी याहून जास्त ताकद देते, पण तिला कुणी वखारीत कडब्याखाली पन्नास वर्षं झोपवून बघावं.

युद्ध संपल्यावर असल्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या आणि ज्याच्याकडे पैसे होते त्यानं घेतल्या. आमची घेतली तेव्हा कोल्हापूर अजून संस्थान होतं. मुंबई राज्यात विलीन व्हायला 1949 चा मार्च उजाडायचा होता. सरळ रेषा पद्धतीनं घसारा काढला, तर माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी ती शून्यावर यायला हवी होती. वखारवाल्यांनी मला जी किंमत सांगितली ती कुठल्या पद्धतीनं काढली हे त्यांनी सांगितलं नाही. मी ती घरात "किरकोळ" या खात्यावर नोंदवली.

गाडी जिन्याखाली आली आणि मी टाकी घासायला घेतली. सगळ्यात वर रुपेरी रंग. त्याखाली काळा. त्याखाली कुंकवासारखा लाल, बहुधा कुणाच्या तरी लग्नाच्या वेळचा. त्याखाली शाळेच्या बाकाला देतात तो हिरवा, आणि अगदी तळाशी नखाएवढा लष्करी मातकट. मी थांबलो. गाडी "मूळ रूपात आणायची" असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. यातलं मूळ रूप कुठलं?

रंगाचं जाऊ द्या. सीट राजदूतची होती. दिवा जावाचा. मागचा मडगार्ड बुलेटचा, कापून आखूड केलेला. इंजिन धरून ठेवणारा एक बोल्ट ऑइल इंजिनाचा. ऑइलच्या टाकीला झाकण म्हणून पितळी फिरकीच्या तांब्याचं झाकण, तेही आटे पाडून इतकं फिट्ट बसवलेलं की मामा ते बघून दोन मिनिटं काही बोलले नाहीत. पुढं गर्डर फोर्क. म्हणजे आजच्यासारख्या नळ्या नव्हेत. मोठ्या स्प्रिंगवर डुलणारा पाळणाच. तो फार डुलू नये म्हणून बाजूला घर्षणाच्या चकत्या असतात आणि त्या आवळायला एक मूठ. मी मूठ सोडली तर आतून चामड्याच्या चकत्या निघाल्या. जाड, तपकिरी, एका कडेला शिलाईची भोकं. मामांनी वास घेतला आणि निकाल दिला: "कापशी." म्हणजे चपलेचा तळ!

मी मात्र तेव्हा शुद्धतेच्या भरात होतो. त्या चकत्या मी कचऱ्यात टाकल्या आणि इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून "अस्सल मापाच्या" मागवल्या. किरकोळ खाती.

याच सुमारास पुतण्यानं उडी घेतली. त्याला गाडी कस्टम करायची होती. "काका, कॅफे रेसर करू. हँडल खाली घेऊ, सिंगल सीट लावू, सायलेन्सरला पट्टी गुंडाळू." पट्टी गुंडाळलेला सायलेन्सर मला हाड मोडल्यासारखा दिसतो, पण तो मुद्दा वेगळा. मी त्याला सांगितलं, बाबा रे, लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं एक हॉटेल होतं. पन्नास-साठच्या दशकांत तिथली पोरं चहा पिऊन ताशी 100 मैल गाठायच्या ईर्ष्येनं गाड्या सोडायची, त्यातून हे कॅफे रेसर आले. आपली साठ मैलांच्या पुढं जायची नाही. हिला शंभर गाठायचं तर जोतिबाच्या डोंगरावरून खाली ढकलावी लागेल. तो म्हणाला, "मग बॉबर करू."

शेवटी सरकारच मदतीला आलं. 2021 च्या नियमाप्रमाणं पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. फेरबदल केलास तर नोंदणी नाही, म्हटल्यावर पुतण्या गप्प बसला. मग मलाच घाम फुटला. राजदूत, जावा, बुलेट आणि तांब्याचं झाकण मिळून जे उभं होतं, त्याला मूळ रूप कोण म्हणेल? आणि नोंदणी झाली तरी अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर आणायची. बायको म्हणाली, "पेट्रोल आणि दुरुस्ती? नाहीतरी ती अजून कुठं जाणार होती?"

तिचं आणि गाडीचं खरं वाकडं आलं ते बेअरिंगच्या रविवारी. क्रँककेस ॲल्युमिनियमची, बेअरिंग पोलादी. बेअरिंग ठोकून बसवलं तर केस तडकते. म्हणून केस तापवायची, बेअरिंग गारठवायचं; ॲल्युमिनियम जास्त फुगतं, पोलाद थोडं आक्रसतं, आणि मिळतं तेवढ्या सवडीत काम उरकायचं. शनिवारी रात्री मी बेअरिंग फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागं ठेवलं. रविवारी सकाळी केसच्या मापाचं भांडं शोधलं. घरात तेवढं मोठं पातेलं एकच, पांढऱ्या रश्श्याचं. पाण्याला उकळी फुटली, केस आत सोडली आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून सत्तर-ऐंशी वर्षांचं ऑइल सोनेरी थेंबांनी वर येऊ लागलं. दिसायला अगदी कटासारखं. मी सांडशीनं केस बाहेर काढली, ओट्यावर पाटावर ठेवली, फ्रीजर उघडला आणि वरून बेअरिंग सोडलं. हाताचा जोर नाही, हातोडी नाही. 'टक्क' असा एकच आवाज झाला आणि ते आपल्या जागी जाऊन बसलं. इतकं समाधान मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेनंतरही झालं नव्हतं. मागं वळलो तर बायको दारात, हातात मटणाची पिशवी. तिनं आधी पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवशी आम्ही बाहेर जेवलो. नवीन पातेलं मी किरकोळ खाती टाकलं. ते खातं आता घराच्या हप्त्याला मागं टाकू पाहतंय, हे तिनं पुढच्याच आठवड्यात शोधून काढलं. वाणिज्य शाखेच्या माणसानं वाणिज्य शाखेची बायको करू नये.

मॅग्नेटोची गंमत निराळी. ठिणगी देणारं हे यंत्र बॅटरीवाचून चालतं, म्हणून सैन्याला प्रिय. पण त्याच्या गुंडाळीवरचं जुनं शेलॅक गरम झालं की मऊ पडतं, पाघळतं आणि आतला फिरता भाग चिकटून बसतो. मी तो घेऊन पंपाच्या मोटारी भरणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. पाच हॉर्सपॉवरच्या सबमर्सिबलमध्ये हयात गेलेला माणूस. त्यानं आतली तार उजेडात धरली. "सर, ही तार न्हवं, नातीच्या डोक्याचं क्यास हायत." तरीही त्यानं भरून दिली. चष्म्यावर भिंग लावून, पंखा बंद करून, आठ दिवस.

मग पेट्रोलचा नळ गळू लागला. जुन्या नळात बुचाचा गट्टू असतो. तो सुकला की आखडतो. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉल उसातूनही येतं. पोलोच्या मैदानावर जिन पिणाऱ्या साहेबाची गाडी पंचगंगेकाठच्या मळीवर आली. मामा म्हणाले, "आता हिला कारखान्याचं सभासद करून घ्या, सर. दिवाळीला साखर तरी मिळंल."

अखेर तो दिवस आला. ही गाडी चालू करणं म्हणजे रुसलेल्या आत्याच्या यजमानांना लग्नाला उठवणं. एक मान चुकला की संपलं. पेट्रोल सोडा. कार्बोरेटरची टिकली दाबा, थेंब ओघळेपर्यंत. हँडलवरची एक काडी ठिणगी उशिरा पडावी म्हणून मागं घ्या. दुसरी दाबून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचला, पिस्टन वरून थोडा पुढं आणा, व्हॉल्व्ह सोडा, आणि मग किक. ठिणगीची काडी मागं घ्यायला विसरलात तर किक उलटी येते. मी विसरलो. पायातून निघालेली कळ थेट दातापर्यंत गेली. चौथ्या खेपेला इंजिन लागलं आणि तळात साचलेलं सगळं ऑइल धुराच्या रूपानं जिन्यानं वर गेलं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून विचारलं, "गणपतीला अवकाश हाय न्हवं अजून?"

पण आवाज! एक ठोका, मग विचार केल्यासारखी विश्रांती, मग दुसरा ठोका. खलबत्त्यात कुणी निवांत वेलदोडे कुटावेत तसा.

चाचणीसाठी रंकाळ्यापर्यंत निघालो. दुरुस्तीच्या खात्यात बसतं ते. या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. माझ्या उजव्या पायाला पस्तीस वर्षं ब्रेकची सवय. समोर उसाची ट्रॉली उभी राहिली तेव्हा मी जिवाच्या आकांतानं गिअर बदलला. ट्रॉलीला काही झालं नाही. मला चार-पाच ऊस लागले, त्यातला एक चालकानं कौतुकानं काढून दिला. रंकाळ्यावर भेळेच्या गाडीशी थांबलो तर शाळेच्या पोरांनी टाकीवरची अक्षरं वाचली. "काका, बीएसए एसएलआर सायकलला इंजिन बसवलासा?" त्यांना मी बर्मिंगहॅमचा सगळा इतिहास सांगितला. भेळवाला मध्येच म्हणाला, "आता ट्रायम्फ चाकणला बनतीय म्हनं." तो खरंच बोलत होता. पोरं तिकडं वळली.

परतताना फोर्क नाचू लागला. नव्या चकत्या मुठीला दाद देत नव्हत्या. सैल सोडल्या तर पाळणा, आवळल्या तर पहार. मामांनी एकदा हँडल हलवून पाहिलं.

"जुनं चामडं कुठाय, सर?"

"टाकलं."

मामा काही बोलले नाहीत. नुसतं माझ्या पायांकडे पाहिलं.

पाडव्याला बायकोनं घेतलेली जोडी होती ती, सहा महिन्यांचीही नव्हती. एका तळातून दोन चकत्या निघाल्या, मधल्या भोकासाठी मामांनी पंच मारला, वर एरंडेल चोळलं. फोर्क आता असा दबतो जसं काही झालंच नाही. बायकोच्या भाच्याच्या लग्नाला मी नेहरू शर्ट आणि लेंग्यावर बूट घालून गेलो. अजून तरी तिनं विचारलेलं नाही.