वाढदिवसाला केक, लसीला ‘बघू’

मराठी मध्यमवर्गाने कुत्र्याला अंगणातून उचलून सोफ्यावर बसवलं, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. पूर्वी त्याचं नाव मोत्या असायचं, जेवण शिळी भाकरी आणि पत्ता जिन्याखाली. आता तो ब्रुनो असतो, सिंबा असतो. वाढदिवसाला त्याच्यासाठी खास बेकरीतून केक येतो, दिवाळीत त्याला जरीचा कुर्ता शिवतात आणि इन्स्टाग्रामवर त्याचं स्वतःचं खातं असतं, ज्यावर तो कोथरूडमध्ये जन्मूनही इंग्रजीतच लिहितो. घरात त्याला मम्मा आहे, बाबा आहे, आजी आहे. कौतुकच आहे. फक्त या गोतावळ्याला एकदा विचारून बघा, “याला रेबीजची लस शेवटची कधी दिली?”

मम्मा बाबाकडे बघते. बाबा पंख्याकडे बघतो. “दिली होती की, लहान असताना.” किती लहान? “अहो, आणला तेव्हा.” कार्ड आहे? आहे ना, कुठेतरी आहे. आणि मग ते वाक्य येतं, जे या राज्यातल्या प्रत्येक प्राण्यांच्या डॉक्टरने ऐकलेलं आहे: “पण डॉक्टर, आमचा बाहेर जातच नाही हो.”

आता हे ‘बाहेर जात नाही’ प्रकरण जरा तपासू. कुत्रा बाहेर जात नसेल, पण बाहेर तर घरात येतं. पार्वो नावाचा विषाणू १९७८ च्या सुमारास अचानक उगवला आणि बघता बघता जगभरच्या कुत्र्यांमध्ये पसरला. त्याला यायला कुत्रा लागत नाही. तुमच्या चपलेचा तळ पुरतो. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून जमिनीवर पडला की तो महिनोन् महिने तग धरतो आणि साध्या फिनेलला तो भीक घालत नाही. मग एके दिवशी तीन महिन्यांचं पिल्लू खाणं सोडतं, उलट्या सुरू होतात, संध्याकाळपर्यंत रक्ताचे जुलाब. त्यानंतर सलाईन, रोजच्या फेऱ्या आणि बाकावर बसून रडणारी मम्मा. जगलं तर नशीब. लसीचे पैसे वाचले होते खरे; ते एका दिवसाच्या सलाईनलाही पुरत नाहीत.

इथे दुसरी शंका येते. “पण एक डोस झाला होता!” झाला असेल. पिल्लाला आईच्या चिकातून जी प्रतिकारशक्ती मिळते ती काही आठवडे त्याला सांभाळते आणि त्याच वेळी आपल्या लसीलाही निकामी करते. ती नेमकी कधी संपते हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन-चार आठवड्यांनी टोचत टोचत सोळा आठवड्यांपर्यंत जायचं असतं, म्हणजे त्यातला एक तरी डोस मोकळ्या मैदानात पडतो. आपल्याकडे पहिला डोस उत्साहात होतो. दुसऱ्याला नेमकं लग्न येतं. तिसऱ्याला मुलांची परीक्षा. आणि ब्रीडरने विकताना दिलेल्या कार्डावर तर सगळंच झालेलं असतं. त्या कार्डावर लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं आहे का, डॉक्टरची सही आहे का, हे बघायची तसदी कुणी घेत नाही. मोबाइलचं कव्हर घेताना जो माणूस पाच दुकानं फिरतो, तो तीस हजारांचं पिल्लू गाडीच्या डिकीतून घेतो.

रेबीजबद्दल तर आपली गंमतच आहे. लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती लस टोचली १८८५ च्या जुलैमध्ये. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात जनावरांवर उपचार होत आहेत १८८३ पासून, आणि मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं १८८६ मध्ये. म्हणजे शास्त्र, लस आणि दवाखाना ही तिन्ही आपल्या पणजोबांच्या काळापासून हाताशी आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. हा असा रोग आहे की लक्षणं दिसू लागली की जगातलं कुठलंही इस्पितळ जवळजवळ हात टेकतं, आणि लक्षणांआधी वेळेवर घेतलेल्या सुया पुरतात. यापेक्षा सोपा हिशेब विमा कंपनीसुद्धा मांडू शकणार नाही.

पण कुत्रं चावलं की आपण अजून जखमेवर हळद आणि मिरचीपूड दाबतो. चुना लावणारेही आहेत. साबण आणि वाहतं पाणी घेऊन पंधरा मिनिटं जखम धुवा आणि तडक दवाखाना गाठा, एवढं सांगितलं की लोकांना ते फारच साधं वाटतं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, ही भीती तर पिढ्यान् पिढ्या वारशाने चालत आली आहे. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता सुया दंडात घेतात आणि त्या चौदाही नाहीत. बातमी पोचायला वीस वर्षं पुरेशी नाहीत, असं दिसतं.

गोव्याने मात्र रेबीज रोखण्याचं काम करून दाखवलं. सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या मोहिमेत माणसं जाळी घेऊन वाड्या-वाड्यांवर हिंडली, पाळीव काय आणि रस्त्यावरची काय, कुत्री टोचत गेली, शाळांत जाऊन पोरांना शिकवत गेली. २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. सूत्र साधं आहे: वस्तीतल्या निदान सत्तर टक्के कुत्र्यांना लस असेल तर रोगाची साखळी तुटते. आपल्या सोसायट्यांत मात्र भटक्या कुत्र्यांवर तीन तास सर्वसाधारण सभा चालते. त्यांना हाकला म्हणणारे आणि त्यांना बिस्किटं घालणारे एकमेकांच्या अंगावर जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवर आधी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलला, तेव्हा तर घराघरात घटनातज्ज्ञ निपजले. त्या सभेत कुणी उठून एवढंच विचारावं की, इथे पट्टा धरून बसलेल्यांपैकी कितीजणांच्या कुत्र्यांची लस यंदाची आहे? सभा पाच मिनिटांत आटोपेल.

पावसाळा आला की आणखी एक पाहुणा येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना लेप्टोस्पायरोसिस हा शब्द तोंडपाठ झाला. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या या जंतूचा संसर्ग माणसाला होतो तसाच कुत्र्यालाही होतो, आणि कुत्र्याकडून त्याला फिरवणाऱ्याकडेही येऊ शकतो. त्याची लस वर्षभरच टिकते, म्हणून दर वर्षी घ्यावी लागते. पण पावसाळ्यात आपण ब्रुनोसाठी काय घेतो? पिवळा रेनकोट. तोही टोपीचा. डबक्यातलं पाणी तो टोपीखालूनच पितो.

गोचिडांचं तर सांगायलाच नको. कुत्र्याच्या कानामागे टपोरी गोचीड दिसली की बाबा ती चिमटीत धरून उपटतो, चपलेने चिरडतो आणि विजयी मुद्रेने घरात येतो. एक मादी हजारो अंडी घालते आणि ती कुत्र्यावर नाही, तुमच्या भिंतीच्या फटीत आणि फर्निचरच्या मागे घालते. म्हणजे जी मेली ती एक होती, पुढची पिढी सोफ्याखाली आहे. हीच मंडळी एर्लिकिया आणि बबेसिया आणतात, ज्याला दवाखान्यात सगळे ‘टिक फीवर’ म्हणतात. प्लेटलेट कोसळतात, नाकातून रक्त येतं, आणि मग बाबा डेंग्यूच्या आठवणीने पपईच्या पानांचा रस शोधत फिरतो. महिन्याचं मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी कॅलेंडरवर खूण करून दिली असती, तर त्या पपईला शांततेत वाढता आलं असतं.

आणि आता आजी. आजीला कुणी काही बोलायचं नाही, हा घराचा नियम आहे. त्यामुळे आजी सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट देते, नाश्त्याला कांदेपोह्यांचा घास, सत्यनारायणाच्या शिऱ्यातले मनुके, गणपतीत चॉकलेट मोदक. कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, मनुके त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात आणि चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. म्हणजे आपल्या सणावारांचं निम्मं ताट त्याच्यासाठी विषाच्या यादीत आहे. उरलेलं निम्मं त्याच्या कंबरेवर आहे. अमेरिकेत लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर एक दीर्घ अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला. ४८ कुत्री, जोड्या लावलेल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न, जन्मभर. कमी खाणारी कुत्री मध्यमानाने जवळपास दोन वर्षं जास्त जगली. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. फक्त वाटी लहान. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे काय, हे ज्याने म्हातारं कुत्रं पाळलंय त्याला विचारा. आजीला हे समजावण्याची जबाबदारी मात्र मी घेत नाही.

मांजरांचा पक्ष या सगळ्यात हरवतो, कारण मांजर तक्रार करत नाही. दुखणं लपवणं हा तिचा स्वभावच आहे. आजारी पडली तर कपाटात जाऊन बसते आणि आपण म्हणतो, किती शांत आहे. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन जोर लावतोय आणि थेंब पडत नाही, म्हणजे लघवी अडली आहे. ती बद्धकोष्ठता समजून दोन दिवस वाट बघणारे लोक आहेत. बोक्याकडे तेवढे दिवस नसतात. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी चतकोर करून मांजरीला देणारे दयाळू लोकही आहेत. ते विष आहे. चतकोरसुद्धा. मांजरीच्या यकृताला ते पचवण्याची सोयच नाही. केमिस्टला विचारून दिली असं सांगू नका; केमिस्टकडे मांजरीचं दुकान नाही.

नसबंदीचा विषय काढला की घरात अचानक लाजरेपणा येतो. “एकदा तरी पिल्लं होऊ देत, मग करू.” एकदा पिल्लं झाल्याने कुत्रीची तब्येत सुधारते, याला आधार नाही. सात-आठ वर्षांची, कधीच ऑपरेशन न झालेली कुत्री मात्र गर्भाशयात पू होऊन रात्री अकरा वाजता दवाखान्यात येते, तेव्हा तेच ऑपरेशन करावं लागतं. फक्त तेव्हा ती मरणाच्या दारात असते आणि बिल तिप्पट.

आता डॉक्टरांच्या विरोधातली बाजूही सांगतो, नाहीतर वाटेल कमिशन मिळालं. “दर वर्षी सगळ्या लसी, हा कंपन्यांचा डाव आहे” असं म्हणणारा एक तरी काका प्रत्येक कट्ट्यावर असतो. तो पूर्ण चुकीचा नाही. पिल्लाचे सगळे डोस आणि पुढचा बूस्टर नीट झाला असेल, तर पार्वो आणि डिस्टेंपर या रोगांसाठी जगभरच्या पशुवैद्यकांच्या मार्गदर्शनात दर तीन वर्षांनी लस पुरेशी मानतात. लेप्टो दर वर्षी. रेबीजचं लसीच्या प्रकारावर आणि स्थानिक नियमावर. मुंबईत कुत्र्याचा पालिकेचा परवाना काढायला रेबीजच्या लसीचा दाखला लागतोच. तेव्हा जी लस देताय ती कशाची आणि का, हे डॉक्टरला विचारा. चांगला डॉक्टर सांगतो. न सांगणारा बदला. पण काकांनी अर्धी माहिती ऐकून पूर्ण लसीकरण बंद केलं, हे मात्र खपवून घ्यायचं नाही.

आणि लस नसली तरी वर्षातून एकदा दाखवायचंच, म्हातारं असेल तर दोनदा. कशासाठी? वजन करायला, तोंड उघडून दात बघायला, पोटावरून हात फिरवायला. तीन वर्षांवरच्या बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्या बिघडलेल्या असतात. ‘तोंडाला वास येतोय’ याला आपण कुत्र्याचा वास समजतो. या भेटीचा फोटो चांगला येत नाही, हे मान्य. थर्मामीटर कुठे लावतात हे माहीत असल्यामुळे ब्रुनोही खूश नसतो.

तेव्हा आज संध्याकाळी एवढंच करा. ते लसीचं कार्ड शोधा. फ्रिजच्या वर बघा, गॅस सिलिंडरच्या पावत्यांच्या फाइलमध्ये बघा. शेवटची तारीख मोठ्याने वाचा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. रेबीजच्या लसीची मुदत उलटली असेल तर उद्याच दवाखान्यात फोन करा. आणि घरात मांजर असेल तर तिचं कार्ड बहुधा कधी काढलेलंच नसेल. तिला आधी न्या.