पस्तीस आवर्तने

आमच्या शेजारच्या काकांच्या मते नवी वस्तू विकत घेणे हा ऐपतीचा प्रश्न नसून निव्वळ चारित्र्याचा प्रश्न आहे; आणि म्हणूनच सरकारी लेखाखात्यातून निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी आणि रविवारी, खांद्याला कापडी पिशवी व खिशात भिंग घेऊन, ते मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात अशा निष्ठेने रुजू होतात, की कचेरीच्या हजेरीपटावर तरी त्यांची सही इतकी नियमित होती काय, अशी काकूंना रास्त शंका आहे. असे काका सदाशिव पेठेत गल्लीगणिक एक तरी सापडतात. आमच्या काकांच्या संगणकाचे झाकण, केव्हा उघडावे लागेल याचा नेम नसल्यामुळे, कधीच बसवलेले नसते. आणि त्यातले विंडोज एक्सपी, ज्याची देखभाल खुद्द कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, ते त्यांच्या लेखी आजही सेवेत आहे. ‘‘कंपनी निवृत्त झाली रे, यंत्र नव्हे,’’ हा त्यावरचा त्यांचा शेरा.

गेल्या पावसाळ्यात काकांनी जुन्या बाजारातून दीडशे रुपयांत ८० जीबीची एक हार्डडिस्क आणली. विकणाऱ्याने तीनशे सांगितले होते. काकांनी पाऊण तास हुज्जत घातली, मध्ये दोनदा पाठ फिरवून चालू लागले, आणि अखेर डिस्क कानाशी धरून व हलवून, पोटात काही खुळखुळत नाही अशी खात्री करून घेतली. घरी आल्यावर मात्र संगणकाने तिची मोजदाद ७४.५ जीबी अशी दाखवली. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे आकडा घटतो, डिस्क घटत नाही, हे मी परोपरीने समजावले. परंतु ज्याने उभी हयात इतरांच्या हिशेबातली तूट शोधण्यात घालवली, त्याला साडेपाच जीबीची तूट केवळ गणिताच्या आधारे मंजूर होणे शक्य नव्हते. पुढच्या बुधवारी ते त्या विक्रेत्याशी पुन्हा बोलून आले. काय बोलले ते त्या दोघांनाच ठाऊक. पिशवीत मात्र दोन फुकट स्क्रू जास्त होते.

‘‘एकदा फॉरमॅट मारा आणि लागा वापरायला,’’ मी म्हणालो. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

‘‘अरे, झटपट फॉरमॅट म्हणजे काय? दारावरची पाटी बदलणे! भाडेकरू आत तसाच!’’

या उद्गारामागे इतिहास होता. काकांच्या वडिलांच्या वाड्यात कोपऱ्यातल्या दोन खोल्यांचा एक भाडेकरू १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छत्राखाली चाळीस वर्षे निर्वेध नांदला, आणि वाडा पडून इमारत उभी राहिली तेव्हा तीतही सन्मानाने जागा घेऊन गेला. तेव्हापासून ‘मोकळी जागा’ या शब्दावर काकांचा विश्वास नाही. आणि शास्त्रतः त्यांचे म्हणणे खरेही होते. फाईल पुसली की तिचे नाव दफ्तराच्या अनुक्रमणिकेतून तेवढे कमी होते, मजकूर आपल्या जागी सुखेनैव पडून असतो, आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत कोणीही जाणकार त्याला उकरून काढू शकतो.

‘‘मग उघडून पाहा तरी, कोणाची आहे,’’ मी सुचवले.

‘‘परक्याचे दफ्तर चाळणे हे पाप आहे,’’ काका गंभीरपणे म्हणाले. ‘‘न पाहता बेदखल करायचे.’’

या बेदखलीसाठी त्यांनी शोधलेला विधी असा. पीटर गुटमन नावाच्या संशोधकाने १९९६ साली एक निबंध लिहून, चुंबकीय तबकडीवर निरनिराळे आकृतिबंध पस्तीस वेळा लिहिले असता जुना मजकूर उकरून काढणे अतिशय कठीण होते, असे प्रतिपादिले होते. पुढे त्यानेच, ही पस्तीस आवर्तने निरनिराळ्या जुन्या पद्धतींच्या डिस्कांसाठी मिळून सांगितलेली असून कोणत्याही एका डिस्कला ती सगळी करण्याची गरज नाही, असा खुलासा केला. पण अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने म्हणणाऱ्या माणसाला एकात भागते म्हणून सांगणे जितके फलदायी, तितकाच हा खुलासा काकांच्या बाबतीत ठरला. एका आवर्तनाला अर्ध्या तासाहून अधिक, म्हणजे पस्तिसांना वीस तासांच्या घरात, असा ताळेबंद मांडून, वीज जाण्याचा संभव म्हणून गुरुवार वर्ज्य करून, त्यांनी शुक्रवारची सकाळ मुक्रर केली.

तो सोहळा मी समक्ष पाहिला. देवघरातली समई बाजूला सरकवून तिथला टेबललँप आणला होता. पट्टीसारख्या रुंद केबलची तांबडी कड वीजजोडणीच्या बाजूस येईल अशी धरून, काकूंच्या भुवया कोरण्याच्या चिमट्याने काकांनी जंपर उचलला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा तो प्लॅस्टिकचा तुकडा कोणत्या दोन पिनांवर बसतो, यावर कोणती डिस्क यजमान आणि कोणती आश्रित हे ठरते. काकांची स्वतःची डिस्कही त्याच कंपनीची, त्याच मापाची. म्हणून त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर दोहोंची टिपणे करून ठेवली होती. जंपर चिमट्यातून एकदा सुटला, सतरंजीवर शोधताना काका, मी आणि काकू अशी तिघे ओणवी झालो, आणि सापडल्यावर तो घाईने बसवला गेला. सीडीवरच्या प्रोग्रॅमने दोन सारखीच नावे दाखवली. काकांनी कॅलेंडर पाहिले, एकीवर खूण केली, आणि घंटा तेवढी वाजवायची राहिली.

शनिवारी सकाळी पस्तीस आवर्तने निर्विघ्न पार पडली. काकांनी संगणक पुन्हा सुरू केला, आणि पडद्यावर, सारसबागेत फुगा धरून उभे असलेले एक अनोळखी बाळ हसले.

यजमान बेदखल झाले होते. भाडेकरू आत तसाच.

काकांची निवृत्तिवेतनाची टिपणे, अठ्ठावीस वर्षांच्या बिलांची फेरिस्त, पाणीपुरवठ्याविषयी महापालिकेशी केलेला पत्रव्यवहार, सर्व गेले. तपकीर गल्लीतल्या एका रिकव्हरीवाल्याकडे मी ती डिस्क घेऊन गेलो. त्याने दोन दिवस ठेवून हात जोडले व असली कोरी डिस्क आपण आजवर पाहिली नाही असे सांगितले. हे ऐकून काकांच्या मुखावर जे तेज आले, ते मी विसरणार नाही. ‘‘पाहिलेस?’’ ते काकूंना म्हणाले, ‘‘पद्धत पक्की आहे!’’

आता ती दुसरी डिस्क पुसून टाकतील, असा माझा तर्क होता. महिन्याने गेलो, तर बाळ पडद्यावर होतेच. कॅबिनेटला चिकटवलेल्या कागदावर ‘जुन्या मालकांच्या फोल्डरांस हात लावू नये’ अशी सूचना होती. आणि काका भिंग लावून कोणा गृहिणीचा घरखर्चाचा तक्ता तपासत होते.

‘‘परक्याचे दफ्तर ना, काका?’’ मी विचारले.

‘‘चाळत नाहीये, तपासतोय,’’ ते मान वर न करता म्हणाले. ‘‘मार्चच्या दुधात सदतीस रुपयांचा मेळ बसत नाही. आक्षेप तर काढून ठेवलाय. पण खुलासा मागवायचा कोणाकडे, ते सांग.’’