साहेब, बी.कॉम.

सुरतेच्या बमरोलीत लूमच्या खात्यांबाहेर, म्हणजे कारखान्यांबाहेर, 'कारीगर जोईए छे' (कारागीर पाहिजेत) अशी पाटी बारा महिने लटकलेली असते. अक्षरांचा रंग उडतो, पाटी उतरत नाही. या पाट्यांखालून रोज सकाळी दहाच्या सुमाराला कडक इस्त्रीचा शर्ट घालून, प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून आणि 'हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही' असा चेहरा करून जो तरुण जातो, तो आमच्या गल्लीचा साहेब. हे नाव गल्लीने त्याला बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी बहाल केलं. ऑफिस मात्र अजून कोणी बहाल केलेलं नव्हतं.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, कुठेही जा, असे साहेब गल्लीला दोन-तीन निघतातच. बाप धुळे, जळगाव किंवा नंदुरबारकडचा. शेतीने हात टेकल्यावर भुसावळ-सुरत गाडी धरून आलेला आणि लूमवर चिकटलेला. पोरगं महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेलं, कॉलेजात गुजराती, अर्ज इंग्रजीत आणि आईशी भांडण अहिराणीत. चार भाषा येतात, पण मुलाखतीत "टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ" ऐकलं की चारी एकदम रजेवर जातात.

साहेबाच्या वडिलांना सगळी गल्ली आबा म्हणते. बारा-बारा तासांच्या दिवसपाळ्या-रातपाळ्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. "काय रे, नोकरी लागनी का?" हा खासगी प्रश्न ते घरात विचारतात आणि समोरच्या बिल्डिंगमधून उत्तर येतं, "नही लागनी, आबा!" आबांचा हट्ट एकच: पोराने लूमला हात लावायचा नाही. साहेबाने बापाचा हा एक शब्द मात्र कधीही खाली पडू दिला नाही.

त्याची डिग्री वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाची. हे नर्मद सुरतेचेच कवी. १८५८ साली त्यांनी मास्तरकीचा राजीनामा दिला आणि यापुढे लेखणीवरच जगायचं ठरवलं. पुढे दिवस इतके वाईट आले की १८८२ मध्ये नाइलाजाने पुन्हा नोकरी धरावी लागली. विद्यापीठाला नाव देणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना योग्य इशारा दिला होता असं माझं मत आहे. साहेबाला हे सांगितलं तर म्हणाला, "काका, त्यांना सोडायला तरी होती."

नोकरी शोधणं हेच मुळात पूर्णवेळ काम आहे, आणि त्यात साहेब कधी खाडा करत नाही. महाराष्ट्राचे फॉर्म भरायला गेला तर डोमिसाइल मागतात, गुजरातचे भरले तर गुजराती व्याकरण आडवं येतं. इकडे तो मराठी, गावी गेला की गुजराती. २९ जानेवारी २०२३ ला ज्युनिअर क्लार्कची परीक्षा होती. जागा अकराशेच्या वर आणि उमेदवार नऊ लाखांच्या पुढे. पहाटे उठून, दही-साखर खाऊन साहेब निघाला आणि पेपर फुटल्याने परीक्षा रद्द झाल्याच्या बातमीने त्याला वाटेतच गाठलं. ती परीक्षा ९ एप्रिलला झाली तेव्हा सरकारने उमेदवारांना प्रवासखर्चापोटी २५४ रुपये दिले. त्यात नंबर लागला नाही, पण सरकारचे पैसे घरात आले म्हणून साहेबाच्या आईने पेढे वाटले. पेढे तीनशेचे झाले.

या सगळ्यावर आबांचं भाष्य वेगळंच. बमरोलीत महापालिकेचा एक प्लँट आहे. सांडपाणी तिसऱ्यांदा शुद्ध करून २०१४ पासून ते पांडेसऱ्याच्या गिरण्यांना विकतात, दिवसाला चार कोटी लिटरपर्यंत. "गटारचं पाणी तीन टप्पे पास होऊन पांडेसऱ्यात कामाला लागतं," आबा ओरडून सांगतात, "आणि आमचं हे? फर्स्ट इयर, सेकंड इयर, थर्ड इयर पास होऊन घरात साचलंय!"

साहेबाचा खरा पराक्रम बायोडेटाचा. कोपऱ्यावरच्या जेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर त्याचे दोन बायोडेटा एकाच नावाने ठेवलेले: एक नोकरीचा, एक लग्नाचा. नोकरीच्यात 'अनुभव' या शब्दापुढे बारीकशी आडवी रेघ. लग्नाच्यात 'प्रायव्हेट कंपनी, सुरत, पगार समाधानकारक'. खरा साहेब या दोन कागदांच्या मधे कुठेतरी राहतो. व्हायचं तेच झालं. एका कंपनीच्या एचआर मॅडमनी फाइल उघडली तर वर गणपती, खाली रास, नाडी, मामेकुळ, आणि तळाला 'अपेक्षा: सुशिक्षित, मनमिळाऊ, घरकामाची आवड'. आणि शिरपूरला मुलीकडे गेला तो दुसरा कागद: 'फ्रेशर. तातडीने रुजू होण्यास तयार. भारतात कुठेही पाठवल्यास हरकत नाही.'

कंपनीने उत्तर दिलं नाही. शिरपूरकडून आलं. इतका आज्ञाधारक मुलगा त्यांनी पाहिला नव्हता.

तोवर साहेबाला रिंगरोडच्या एका कापड मार्केटात मेहताजी म्हणून जागा मिळाली होती. ताके मोजायचे, टॅलीत बिलं मारायची, पार्सलच्या बिल्ट्या सांभाळायच्या, आणि शेठ जेवायला गेले की गल्ल्यावर नजर ठेवायची. पगार आबांच्यापेक्षा कमी. पण खुर्ची आहे, एसी आहे आणि कानात कापूस घालावा लागत नाही. आबा खूश. मोजायला येणारे ताके बमरोलीच्याच लूमवर निघालेले असतात, हे दोघेही एकमेकांना सांगत नाहीत.

मुलीकडचे बघायला आले तेव्हा मीही होतो. चहा झाला, पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी साहेबाला पगार विचारला; त्याने खालच्या आवाजात सांगितला. मग रीत म्हणून आबांना विचारलं. आबांनी मीटरचा दर, मशीनची संख्या आणि महिन्याचा आकडा आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितला. पाहुणे थोडा वेळ गप्प बसले. मग खुर्ची साहेबाकडून आबांकडे सरकवून म्हणाले,

"आबा, तुमना खातामा एखादी जागा शे का? मना धाकला पोऱ्या बी.एस्सी. शे."