पश्चिमेची बाजू कुणी बघितली?

नवी इमारत उभी राहिली की मतं आपोआप गोळा होतात. काष्टीत होतात, दौंडला होतात, श्रीगोंद्यातही होतात. चहाच्या टपरीपुढं उभा असलेला प्रत्येक जण मान वर करतो आणि निकाल देतो. "भारी काम झालंय, पुण्यातच आल्यासारखं वाटतं." दुसरा म्हणतो, "रंग जरा भडक झाला." तिसरा हळूच विचारतो, "एवढी काच कशाला? इथं ऊन काय कमी पडतं का?"

मला या तिसऱ्याचं मत सगळ्यांत मोलाचं वाटतं. ऐकलं मात्र त्याचंच जात नाही.

दिसण्याचा विषय काढला की काही जाणती माणसं लगेच गप्प करतात. दिसण्यात काय आहे, काम मजबूत पाहिजे, म्हणतात. काम मजबूत पाहिजेच. पण इमारतीचं दर्शनी अंग रोज बघतो कोण? फ्लॅट घेणारा आत बसून समोरचा रस्ता बघतो. त्याची इमारत बघत बसावी लागते ती समोरच्या दुकानदाराला, शाळेत जाणाऱ्या पोरांना, एसटीची वाट बघणाऱ्या म्हातारीला. त्यांनी पैसे भरले नाहीत म्हणून त्यांना बोलायचा हक्क नाही, हे मला मान्य नाही.

मी अपार्टमेंटच्या विरोधात नाही. घोड-कुकडीच्या कालव्यांच्या पाण्यावर भिजणारी जमीन प्लॉटिंगमध्ये घालवण्यापेक्षा घरं वर गेलेली केव्हाही चांगली. माझी तक्रार आहे ती आधी डबा बांधायचा आणि मग त्याला तोंड चिकटवायचं, या पद्धतीवर. धंद्यात त्याला एलिव्हेशन म्हणतात. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर एसीपीची (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनलची) शीट, मध्ये निळी काच, कोपऱ्यात लाकडासारखा दिसणारा पट्टा. ब्रोशरवर झकास दिसतं. खिडकीवर छज्जा मात्र नाही, कारण छज्ज्यानं म्हणे मॉडर्न लुक जातो.

मग माणसं राहायला येतात. पश्चिमेच्या बेडरूममध्ये संध्याकाळी पाय ठेववत नाही. एक जण खिडकीवर हिरवी जाळी बांधतो, दुसरा पत्र्याचं छप्पर ठोकतो, तिसरा लोखंडी अँगलवर एसीचं आउटडोअर युनिट टांगतो. आतल्या युनिटची पाणी काढणारी पांढरी नळी भिंतीवर तशीच सोडलेली असते. तिच्यातून थेंब थेंब पाणी गळतं, त्याला रस्त्याची धूळ चिकटते आणि महागाच्या टेक्स्चर पेंटवरून काळपट ओघळ खालच्या मजल्यापर्यंत उतरतो. ज्या इमारतीला गावानं भारी म्हटलं, तिला तेच गाव मग कळकट म्हणतं. दोष राहणाऱ्यांचा नाही. उन्हाचा विचार नकाशावर व्हायला हवा होता, तो त्यांना जाळी बांधून करावा लागला.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात शिंगं रंगवली, झूल घातली म्हणून कुणी बैल घेत नाही. दात बघतात, खूर बघतात, चार पावलं चालवून बघतात, मगच भाव ठरवायला रुमालाखाली बोटं धरतात. अशी पारख असलेली माणसं आयुष्यभराची कमाई घालताना नुसत्या दर्शनी चित्रावर होकार देतात, याचं मला वाईट वाटतं.

ऊन-पावसाचा विचार केला की इमारत कुरूप होते, हा समज मुंबईनं कधीच खोडून काढलाय. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरची कांचनजंगा बघा. 28 मजले, 32 घरं, 1983 मध्ये पूर्ण झाली. कोरियांपुढं पेच होता. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्राचं दर्शन हवं तर घर पूर्व-पश्चिम ठेवावं लागतं, पण कडक ऊन आणि पावसाचा मारा येतो तोही त्याच बाजूंनी. जुन्या बंगल्यांनी यावर खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उंच नेला आणि प्रत्येक घराला दोन मजले उंचीची खोल गच्ची दिली, तीही बागेसकट. इमारतीच्या कोपऱ्यांत ज्या मोठ्या खोबणी दिसतात, ज्यांमुळे ती लांबूनही ओळखू येते, त्या सावलीसाठी आहेत. तिचं देखणेपण वरून लावलेलं नाही. मरीन ड्राइव्हच्या घरांच्या खिडक्यांवरून फिरलेले छज्जेही सावलीच धरतात, आणि ती आर्ट डेको घरं 2018 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. छज्ज्यानं लुक जातो म्हणणाऱ्यांनी तिथं एक चक्कर मारावी.

आता मत विचारायचं कुणी? विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, एकेका इमारतीवर मागवत नाहीत. दिल्लीत शहराच्या रूपावर सल्ला द्यायला 1973 च्या कायद्यानं वेगळा आयोग नेमलाय. घर घेणाऱ्याच्या पाठीशी निदान रेरा कायदा आहे. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर त्याच्या 12 व्या कलमानं भरपाई मागता येते. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या पाठीशी कुणीच नाही.

गावाला आयोगाची गरज नाही, ग्रामसभा आहे. बांधकाम सुरू होण्याआधी इमारतीच्या चारही बाजूंची चित्रं ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजेत. पाठीमागची बाजूसुद्धा, जिथं सांडपाण्याचे पाइप उतरतात आणि जी ब्रोशरमध्ये सहसा नसते. एसीची युनिटं कुठं बसणार, कपडे कुठं वाळणार, हेही त्यात दिसलं पाहिजे. लोकांना चित्रावर बोलू द्या, कारण चित्रातली भिंत खोडता येते.

आणि रंगावर वाद घालण्याआधी बिल्डरला एवढंच विचारा, मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या खोलीत ऊन कुठपर्यंत येतं? त्यानं नकाशावर पेन्सिलनं रेघ ओढून दाखवावी. रेघ दाखवत नाही तोवर बुकिंगचा चेक खिशातच ठेवा.